चाकरी आणि चेहरा

मराठी भाषेंत मनुष्याच्या अब्रूचा हिशेब बहुधा त्याच्या डोक्यावर आणि चेहऱ्यावरच मांडलेला आढळतो. मिशीला पीळ भरणें, पगडी उतरविणें, नाक कापणें, शेंडीला गांठ मारणें या वाक्प्रचारांत पुढें येतो तो देहाचा एखादा भाग. पण बोलणाऱ्याच्या मनांत असतो तो मान, अपमान किंवा निर्धार. ज्या समाजाची बोली अशी घडलेली आहे त्या समाजांत धन्यानें चाकराला “दाढी काढ”, “केस काप”, “हें पागोटें नको, तें घाल” अशी आज्ञा केली, तर ती केवळ टापटिपीची गोष्ट राहत नाहीं. चाकर आपले श्रम आणि दिवसाचे कांहीं तास विकतो हें उघड आहे. पण त्यांबरोबर तो आपला चेहराही विकतो काय, हा प्रश्न त्या आज्ञेच्या पोटांत दडलेला असतो. या प्रश्नाचा आपल्या देशांतील इतिहास दोनशें वर्षांहून जुना असून त्याचे कांहीं दुवे सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या मातींत सांपडतात. तो थोडक्यांत मांडावा असा येथें हेतु आहे.

प्रथम साताऱ्याकडे वळूं. मराठी राज्याच्या उत्तरकालांत सत्ता पुण्यास गेली, तरी मान साताऱ्याच्या गादीचाच राहिला. पेशवेपद एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे गेलें, म्हणजे नव्या पेशव्यास छत्रपतींकडून वस्त्रें मिळावीं लागत. तीं आल्यावांचून नेमणूक पुरी झाली असें कोणी मानीत नसे. लहान चाकरीलाही हाच न्याय होता. कामगिरी फत्ते करून आलेल्यास धनी शिरपाव देई. शिरपाव म्हणजे डोक्यापासून पायांपर्यंतचा पोषाख. या पद्धतींत धन्याचा चाकराच्या पेहरावाशीं संबंध होता, परंतु तो देण्याचा होता. धनी वस्त्र देई तेव्हां चाकराचा मान वाढे. दाढी-मिशी, गंध, शेंडी यांचें नियमन मात्र जात, धर्म आणि रूढी यांच्याकडे होतें. तें नियमन पुष्कळदां धन्याच्या हुकुमाहूनही कठोर असे, हें विसरून चालणार नाहीं. पण त्याचा धनी दरबारांत बसलेला नसे.

कंपनी सरकारच्या पलटणींत ही घडी प्रथम मोडली. १८०५ च्या अखेरीस मद्रास सैन्याचे सरसेनापति सर जॉन क्रॅडॉक यांच्या अमदानींत देशी शिपायांसाठीं नवे नियम निघाले. गणवेष अंगावर असतांना कपाळीं जातिदर्शक गंध लावूं नये, कानांत बाळ्या घालूं नयेत, संचलनाच्या वेळीं हनुवटी गुळगुळीत असावी आणि वरच्या ओठावरील केसांचा आकार शक्य तितका सर्वांचा सारखा असावा, अशीं कलमें त्यांत होतीं. जोडीला नव्या घाटाचें पागोटें आलें. त्यावर कातडी तुरा होता. गंध हिंदूंचें आणि दाढी मुसलमानांची, तर कातड्याचें वावडें दोघांनाही. अशा रीतीनें एकाच हुकुमानें दोन्ही समाज एकदम दुखावले. नवें पागोटें घालण्यास ज्यांनीं नकार दिला, त्यांना फटक्यांची शिक्षा झाली. पुढें १० जुलै १८०६ रोजीं वेल्लोरच्या किल्ल्यांत शिपाई उठले. तेथें नजरकैदेंत असलेल्या टिपूच्या मुलांचा या उठावाशीं कितपत संबंध होता याविषयीं इतिहासकार वाद घालीत आले आहेत. परंतु ठिणगी पडली ती हनुवटीच्या आणि पागोट्याच्या हुकुमानें, याविषयीं फारसा वाद नाहीं. गोऱ्या पलटणीचे शंभराहून अधिक लोक मारले गेले. अर्काटहून गिलेस्पीचे स्वार त्याच दिवशीं येऊन थडकले आणि त्यांनीं शेंकडों शिपायांची कत्तल केली. नंतर सरकारनें ते नियम मागें घेतले. क्रॅडॉक आणि मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड विल्यम बेंटिंक या दोघांनाही विलायतेस परत बोलाविण्यांत आलें.

या प्रकरणांत एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. शिपायांचें गाऱ्हाणें ऐकण्याची कोणतीही पायरी हुकूम आणि फटके यांच्या मध्यें नव्हती. गुळगुळीत हनुवटीमुळें बंदूक अधिक नेमकी लागते असें कोणी म्हटलें नव्हतें, आणि तसें विचारण्याची सोयही नव्हती. जेथें कारण सांगावें लागत नाहीं आणि तक्रार ऐकून घ्यावी लागत नाहीं, तेथें शेवटीं केसांचा प्रश्न रक्तानें सुटतो, हा वेल्लोरचा धडा होय.

गंमत अशी कीं, ज्या इंग्रज सैन्यानें शिपायांच्या हनुवटीवर वस्तरा चालविला त्यानें पुढें स्वतःच्या वरच्या ओठावर वस्तरा बंद केला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ब्रिटिश सैनिकानें वरचा ओठ भादरूं नये, म्हणजेच मिशी राखावी, असा नियम झाला. पहिल्या महायुद्धाच्या चिखलांत हा नियम पाळणें जड जाऊं लागलें आणि ऑक्टोबर १९१६ मध्यें जनरल मॅक्रेडी यांच्या सहीनें तो रद्द झाला. त्या सुमारास सातारा जिल्ह्यांतील गांवेंच्या गांवें पलटणींत भरती झालेलीं होतीं. एकट्या अपशिंगे गांवचे ४६ जवान त्या युद्धांत कामास आले. मिशी असली काय आणि नसली काय, मरण्याच्या कामांत फरक पडला नाहीं. मग शंभर वर्षें एकदां ती काढण्याचा आणि एकदां ती राखण्याचा आग्रह कशासाठीं होता, असा प्रश्न कोणाच्याही मनांत येईल. उत्तर असें आहे कीं, आग्रह मिशीचा नव्हताच. हुकूम पाळला जातो कीं नाहीं हें पाहण्याचा होता.

पलटणीबाहेर न्यायाच्या मंदिरांतही हा झगडा पोंचला होता. १८६२ सालीं सुरतेस माणेकजी कावसजी एन्टी या पारशी गृहस्थानें न्यायालयांत जोडे काढून शिरण्यास नकार दिला आणि तें प्रकरण मुंबई इलाख्यांत बराच काळ गाजलें. १८९३ च्या मे महिन्यांत डर्बनच्या मॅजिस्ट्रेटनें तरुण बॅरिस्टर गांधींना पागोटें उतरविण्यास सांगितलें, तेव्हां ते न्यायालयांतून उठून गेले. पुढच्याच वर्षीं नाताळच्या वरिष्ठ न्यायालयांत वकिलीची शपथ घेतांना मुख्य न्यायाधीशांनीं तसेंच सांगितलें, आणि या वेळीं गांधींनीं तें मानलें; कारण आतां ते त्या न्यायालयाचे वकील होऊं पाहत होते आणि तेथील रीत पाळणें त्यांना प्राप्त होतें. मित्रांना ही माघार वाटली. पण परक्या म्हणून आलेल्या मनुष्यावर लादलेला नियम आणि एखाद्या धंद्यांत शिरतांना समजून-उमजून पत्करलेला नियम यांत फरक आहे, हा विचार त्या कृतींत दिसतो. पुढील काळांतील कायदाही याच फरकाभोंवतीं फिरत राहिला आहे.

समजून-उमजून पत्करलेल्या नियमाचें आपल्या प्रांतांतील नामी उदाहरण सांगलीच्या रंगभूमीनें दिलें. १८४३ सालीं सांगलीचे अधिपति चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानें विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें. त्या काळीं स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत आणि ही रीत पुढें पाऊणशें वर्षांहून अधिक काळ टिकली. नाटक मंडळींत ‘स्त्रीपार्टी’ म्हणून राहणाऱ्या नटानें मिशी ठेवावयाची नाहीं आणि केस वाढवावयाचे, हें ओघानेंच आलें. ज्या समाजांत मिशी उतरविणें ही सुतकाची खूण होती, तेथें घरचे वडील जिवंत असतांना मिशी काढून फिरणें म्हणजे लोकांच्या कुचेष्टेला आमंत्रण देणें होय. नटानें ती किंमत मोजली. पण तिचें कारण त्याला आणि जगाला स्पष्ट दिसत होतें. सीतेला मिशी असूं शकत नाहीं. कामाच्या पोटांतूनच निघणारा नियम आणि धन्याच्या लहरींतून निघणारा नियम यांतील भेद येथें उघड्यावर येतो.

याच शतकाच्या अखेरीस एक घटना अशी घडली कीं, तिनें हा प्रश्न अगदीं उलट्या बाजूनें मांडला. गांवगाड्यांत न्हावी हा बलुतेदार. त्याचा धनी म्हणजे सारा गांव. विधवेचें केशवपन करणें हेंही त्याच्या चाकरींतच मोडे. सातारा जिल्ह्यांतील कटगुण हें ज्यांच्या घराण्याचें मूळ गांव, त्या जोतीराव फुल्यांनीं या क्रूर चालीविरुद्ध आवाज उठविला होता. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे हे मुंबईच्या गिरणी कामगारांचे पहिले पुढारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे चालक. त्यांच्या प्रोत्साहनानें १८९० सालीं मुंबईच्या न्हाव्यांनीं सभा भरवून, आपण यापुढें विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालविणार नाहीं असें ठरविलें. या ठरावाची वार्ता थेट लंडनच्या ‘टाइम्स’पर्यंत गेली. त्याच वर्षीं लोखंड्यांच्या खटपटीनें गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातून एकाच वर्षीं व्हाव्या हा नुसता योगायोग मानूं नये. आठवड्याचा एक दिवस आपला असावा ही मागणी आणि दुसऱ्याच्या देहावर जुलूम करण्याचें काम आपण नाकारूं शकतों ही जाणीव, दोन्ही एकाच मुळापासून फुटतात: चाकरीला हद्द असते.

विसाव्या शतकांत यंत्र आलें आणि प्रश्नानें नवें रूप घेतलें. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० मध्यें औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. १९१६ मध्यें कऱ्हाडजवळ ओगल्यांचा कांच कारखाना निघाला. सातारारोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना उभा राहिला. धोतराचा सोगा, लोंबता पदर, मोकळी शेंडी, सैल बाही या वस्तु शेतावर निरुपद्रवी असतात. फिरत्या पट्ट्याजवळ त्याच प्राणघातक होतात. पोषाखाकडे सोयीच्या आणि विवेकाच्या दृष्टीनें पाहावें असें सातारा जिल्ह्यांतल्या टेंभू गांवीं जन्मलेल्या आगरकरांनीं पूर्वींच सांगितलें होतें; स्त्रियांनीं जाकिटें घातलीं पाहिजेत असा निबंध लिहून त्यांनीं सनातन्यांचा रोष ओढवून घेतला होता. त्यांचा विवेक यंत्रानें सक्तीचा केला. मात्र ब्रिटिश हिंदुस्थानचे कारखान्यांविषयींचे कायदे संस्थानी हद्दींत आपोआप लागू होत नसत. तेथें कामगाराचें रक्षण बहुतांशीं धन्याच्या आणि अधिपतीच्या सद्बुद्धीवर अवलंबून असे. १९४८ मध्यें संस्थानें विलीन झालीं, १९४९ च्या ऑगस्टमध्यें दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० मध्यें त्यालाच सांगली हें नांव मिळालें. औंधचा, सांगलीचा आणि खालसांतला कामगार आतां एकाच कायद्याखालीं आला.

त्या कायद्यानें दोन मोठीं तत्त्वें प्रस्थापित केलीं. १९४८ च्या कारखाने कायद्यानें चालत्या यंत्राच्या भागांजवळ काम करणाऱ्या माणसानें अंगाबरोबर बसणारे कपडे घालावे असें सांगितलें, आणि त्याच दमांत ते कपडे मालकानें पुरवावे असेंही सांगितलें. शिरपावाची जुनी रीतच जणूं कायद्याच्या रूपानें परत आली: नियम ज्याचा, खर्च त्याचा. दुसरें तत्त्व १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याचें. मालकानें आपले नियम लेखी करावे, सरकारी अधिकाऱ्यापुढें ठेवावे, त्यानें कामगारांचें म्हणणें ऐकावें आणि मगच ते मंजूर व्हावे, अशी व्यवस्था त्यानें केली. १९५६ च्या दुरुस्तीनें ते नियम न्याय्य आणि वाजवी आहेत कीं नाहींत हें पाहण्याचा अधिकारही त्या अधिकाऱ्यास मिळाला. नमुना आदेशांत अवज्ञा हा गुन्हा ठरला खरा; पण अवज्ञा कशाची, तर वरिष्ठाच्या ‘कायदेशीर आणि वाजवी’ हुकुमाची. वेल्लोरच्या शिपायाला जी पायरी मिळाली नव्हती ती या दोन शब्दांत आहे.

मग वाजवी काय, हें ठरविण्याचें काम न्यायालयांकडे आलें, आणि त्यांचे निर्णय एकाच दिशेचे आहेत असें म्हणतां येणार नाहीं. एअर इंडियाच्या हवाई सेविकांना पस्तिसाव्या वर्षीं, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास, किंवा पहिल्या गरोदरपणीं नोकरी सोडावी लागे. त्यांतील गरोदरपणाचा नियम सर्वोच्च न्यायालयानें १९८१ मध्यें मनमानी म्हणून रद्द केला. लग्नाचा नियम मात्र कायम ठेवला. स्त्रीचें तारुण्य आणि रूप हाच तिच्या कामाचा भाग मानण्याच्या वृत्तीला त्या निकालानें धक्का दिला, तरी ती मुळापासून उपटली नाहीं. दाढीच्या बाबतींत न्यायालयांनीं शिस्तीच्या दलांना अधिक मोकळीक दिली आहे. विमानदलाच्या १९६४ च्या नियमांप्रमाणें, ज्यांचा धर्म केस कापण्यास मनाई करतो त्यांनाच दाढी ठेवतां येते. एका मुसलमान सैनिकाला ही सवलत लागू होत नाहीं असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०१६ मध्यें दिला. त्याआधीं २०१२ मध्यें महाराष्ट्राच्या राज्य राखीव पोलीस दलांतील एका शिपायाला नीटनेटकी दाढी ठेवण्याची परवानगी मिळून पुढें ती काढून घेण्यांत आली, आणि मुंबई उच्च न्यायालयानें त्याची याचिका फेटाळली. सैन्य आणि पोलीस यांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याची मुभा घटनेच्या ३३ व्या अनुच्छेदानें संसदेला दिली आहे, हें खरें. पण ती मुभा गिरणीच्या, दुकानाच्या किंवा कचेरीच्या मालकाला दिलेली नाहीं, हेंही तितकेंच खरें.

परदेशांत मुलकी नोकरांनीं ही लढाई जिंकल्याचे दाखले आहेत. इंग्लंडांत वुल्व्हरहॅम्प्टन येथें १९६७ मध्यें तरसेमसिंग संधू हा बसचालक पागोटें आणि दाढी घेऊन कामावर आला, तेव्हां त्याला घरीं पाठविण्यांत आलें. दोन वर्षें मोर्चे आणि वाद झाल्यावर, एका शीख पुढाऱ्यानें आत्मदहनाची घोषणा केली तेव्हां, १९६९ च्या एप्रिलमध्यें शहराच्या वाहतूक समितीनें नियम सोडला. अमेरिकेंत एका कापडविक्या कंपनीनें डोक्यावरील रुमालामुळें मुसलमान मुलीस नोकरी नाकारली. तेथील सर्वोच्च न्यायालयानें २०१५ मध्यें आठ विरुद्ध एक मतानें कंपनीविरुद्ध निकाल दिला. दुकानाचा ‘देखावा’ हें कारण न्यायालयास पुरेसें वाटलें नाहीं.

याच्या उलट बाजूचें कारण पाहावयाचें तर मिरजेकडे पाहावें. डॉ. वानलेस यांनीं १८९० च्या दशकांत मिरजेंत रुग्णालय काढलें आणि पुढें तें गांव वैद्यकाचें माहेरघर झालें. हातांवाटे रोग पसरतो हें व्हिएन्नाच्या सेमेलवाइस यानें १८४७ मध्येंच दाखविलें होतें. शस्त्रक्रियागृहांत परिचारिकेनें बांगड्या, अंगठ्या काढाव्या आणि केस पूर्ण झांकावे, या नियमाच्या मागें रोग्याचा जीव आहे. परंतु आपल्याकडे सवाष्णीनें हातांतल्या बांगड्या काढणें म्हणजे काय, हें सांगावयास नको. तोच नियम आज दोन्ही जिल्ह्यांतील दूधसंघांत आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत काम करणाऱ्या खेड्यांतल्या बायकांना पाळावा लागतो. नियम योग्य आहे. पण तो कशासाठीं हें समजावून सांगणारा वरिष्ठ आणि “काढा म्हणजे काढा” म्हणणारा वरिष्ठ यांत, वेल्लोरपासून आजपर्यंत जेवढें अंतर आपण चाललों तेवढेंच अंतर आहे. पहिल्याला सहकार्य मिळतें. दुसऱ्याला मिळते ती मुकाट आज्ञाधारकता, आणि घरीं जाऊन गाळलेले अश्रु.

सरकारही धनीच आहे. महाराष्ट्र सरकारनें डिसेंबर २०२० मध्यें आपल्या कर्मचाऱ्यांनीं टी-शर्ट घालून कचेरींत येऊं नये, चपला वापरूं नयेत आणि शुक्रवारीं खादी वापरावी, असें फर्मावलें; २०२४ मध्यें शिक्षकांच्या पोषाखासाठींही नियम सांगितले. कचेरीला शोभेसा पोषाख असावा यांत वावगें कांहीं नाहीं. फक्त शोभा म्हणजे काय हें ठरवितांना ज्यानें तो पोषाख घालावयाचा त्यालाही विचारावें, एवढेंच म्हणणें आहे.

आतां शेवटचा आणि काळजीचा मुद्दा. १९४६ चा कायदा २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेंत विलीन झाला असून ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्यें अमलांत आली. मूळ कायदा शंभर कामगारांच्या आस्थापनेस लागू होई. संहितेनें ही मर्यादा तीनशेंवर नेली. आपल्या औद्योगिक वसाहतींतले बहुतेक कारखाने, आणि सराफकट्ट्यापासून कापडपेठेपर्यंतचीं दुकानें, या आंकड्याच्या पुष्कळ खालीं आहेत. तेथें लेखी नियम नसतात, ते तपासणारा अधिकारी नसतो, आणि ‘वाजवी’ हा शब्द मालकाच्या मनांत असेल तरच असतो. दुकानाच्या काउंटरवर उभी राहणारी मुलगी “उद्यांपासून असे केस चालणार नाहींत” हें वाक्य ऐकते, तेव्हां तिच्यासाठीं घटनेचा ग्रंथ उघडणें फार महाग पडतें.

म्हणून कायद्याच्या मर्यादेखालीं जे राहतात त्यांच्यासाठीं तरी तीन साधे प्रश्न प्रत्येक धन्यानें स्वतःस विचारावे. हा नियम कामाच्या गरजेंतून निघाला आहे, कीं माझ्या आवडींतून? तो पाळण्याचा खर्च मी देतों काय? आणि ज्यावर तो लादतों त्याचें म्हणणें मी ऐकून घेतलें आहे काय? सांगलीच्या रंगभूमीवरील सीतेच्या मिशीचा नियम पहिल्या प्रश्नास उतरतो. छत्रपतींचीं वस्त्रें दुसऱ्यास उतरतात. वेल्लोरचा हुकूम तिन्ही ठिकाणीं नापास होतो. हे प्रश्न विचारणारे मालक आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गांतूनच यावयाचे आहेत. कारण दुकानें, रुग्णालयें, शाळा आणि कचेऱ्या चालविणारे आपणच आहों. घरीं कामास येणाऱ्या बाईच्या लुगड्याविषयीं आणि केसांविषयीं आपण काय बोलतों, येथपासून या परीक्षेस आरंभ करतां येईल.